‘वन्स’ घरी पाहिला तेव्हा: कमी बजेटच्या एका प्रेमकथेचं प्रकरण

‘वन्स’ हा आयरिश सिनेमा प्रदर्शित झाला 2007 साली. आमच्या घरी तो लागला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि निवडला गेला तो लांबी बघून. 86 मिनिटं, म्हणजे झोपायला उशीर होणार नाही. डब्लिनच्या रस्त्यावर गाणारा एक जण, चेक प्रजासत्ताकातून आलेली एक मुलगी, दोघं मिळून गाणी बसवतात, एवढीच माहिती खाली लिहिलेली. नटांच्या यादीत ओळखीचं नाव एकही नाही. नवऱ्याच्या हातात फोन, माझ्यासमोर घड्या घालायचे कपडे. घरी सिनेमा बघायची आमची ही नेहमीची रीत. बहुतेक सिनेमे असेच अर्ध्या लक्षाने बघितले जातात आणि दुसऱ्या दिवशी डोक्यातून जातात.

हा गेला नाही. पहिल्या वीसेक मिनिटांत फोन उलटा होऊन बाजूला पडला, कपडे तसेच राहिले. आम्ही दोघं एरवी प्रेमकथांच्या वाटेला फारसे जात नाही, त्यामुळे हे का झालं याचा मी नंतर बराच विचार केला. तो विचार इथे प्रकरणासारखा नीट मांडते आहे, कारण ‘छान होता हो सिनेमा’ म्हणून सोडून द्यावं असं हे काम नाही. कथेचा शेवटही सांगणार आहे. तो सांगितल्याशिवाय मुद्दा पुरा होत नाही.

असा सुखद धक्का बसला की त्याची तीन कारणं दिली जातात. एक, अपेक्षाच नव्हती म्हणून आवडला. दोन, घरी निवांत होतो म्हणून आवडला. तीन, सिनेमाच चांगला आहे. पहिली दोन कारणं मला पुरेशी वाटत नाहीत, आणि तिसरं खरं असलं तरी अर्धवट आहे. माझं म्हणणं असं की या सिनेमाकडे पैसे नव्हते, आणि पैसे नसल्यामुळे जे जे करावं लागलं तेच त्याच्या प्रेमकथेच्या कामी आलं.

पैसे नव्हते म्हणजे किती नव्हते

दिग्दर्शक जॉन कार्नी. हा पूर्वी ‘द फ्रेम्स’ नावाच्या डब्लिनच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. त्याच बँडचा गायक ग्लेन हॅन्सर्ड. कार्नीच्या मनात आधी होतं ते असं, की गाणी हॅन्सर्डने लिहावीत आणि भूमिका किलियन मर्फीने करावी. मर्फी बाहेर पडला, त्याच्याबरोबर पैसे घालणारेही गेले. मग ज्याची गाणी होती त्यालाच हिरो केलं. हिरॉईन मार्केता इर्ग्लोव्हा ही खरोखरच चेक, खरोखरच पियानो वाजवणारी. चित्रीकरण झालं 2006 च्या जानेवारीत आणि तेव्हा ती होती 17 वर्षांची. अभिनयाचा अनुभव म्हणाल तर हॅन्सर्डने 1991 मध्ये ‘द कमिटमेंट्स’मध्ये गिटारवाल्याची छोटी भूमिका केली होती. तिने काहीच केलेलं नव्हतं.

बजेट होतं सुमारे 1,12,000 युरो, त्यातला मोठा वाटा आयर्लंडच्या सरकारी चित्रपट मंडळाचा. शूटिंग 17 दिवसांत उरकलं. दिग्दर्शकाने स्वतःचं मानधन दोन्ही कलाकारांना देऊन टाकलं. सेट उभारायचा प्रश्नच नव्हता, मित्रांची घरं वापरली. सिनेमात एका घरी जमून सगळे आळीपाळीने गातात, ते घर हॅन्सर्डचं स्वतःचं, जमलेली माणसं त्याची स्वतःची, आणि एकटीने गाणारी वयस्कर बाई म्हणजे त्याची आई. दिवे जवळपास नाहीतच, खिडकीतून येईल तो उजेड. रस्त्यावरच्या प्रसंगांसाठी कॅमेरा लांब ठेवून टेलिफोटो लेन्सने चित्रण केलं, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांतल्या अनेकांना सिनेमा चाललाय हे कळलंसुद्धा नाही.

या शेवटच्या गोष्टीवर थोडं थांबते, कारण माझ्या मते अख्खं प्रकरण तिथे उलगडतं. कॅमेरा लांब ठेवला तो नाइलाजाने. पण कॅमेरा लांब असला की नवख्या नटांना तो विसरता येतो. समोर कोणी नाही, दिवे नाहीत, फळीवर लिहून टाळी वाजवणारा नाही, तेव्हा माणूस समोरच्या माणसाशी बोलतो. या दोघांचं बरंचसं बोलणं तिथल्या तिथे सुचलेलं आहे आणि ते ऐकताना जाणवतं. वाक्यं एकमेकांवर चढतात, कोणीतरी मध्येच हसतं, एखादा प्रश्न तसाच हवेत राहतो. बघणाऱ्यालाही असं वाटत राहतं की आपण रस्त्याच्या पलीकडे उभे राहून दोन अनोळखी माणसांकडे बघतोय, आणि त्यांचं काय चाललंय ते आपल्याला कळत चाललंय. प्रेमकथेत याहून वेगळं काय हवं असतं?

फोन खाली गेला तो प्रसंग

सिनेमातल्या माणसाचं रोजचं काम व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करण्याचं. वडिलांचं छोटं दुकान आहे, तिथे दिवसा हे काम आणि मोकळ्या वेळात रस्त्यावर गाणं. मुलगी फुलं विकते, लोकांच्या घरी साफसफाईची कामं करते. दुसऱ्या भेटीला ती आपला बिघडलेला व्हॅक्यूम क्लीनर घेऊन येते आणि मग ते यंत्र पाळलेल्या कुत्र्यासारखं मागे ओढत डब्लिनच्या रस्त्यांतून त्याच्याबरोबर हिंडते. दोघांना नावं नाहीत, श्रेयनामावलीतसुद्धा ‘तो’ आणि ‘ती’ एवढंच.

ती त्याला वाद्यांच्या एका दुकानात घेऊन जाते. तिच्याकडे पियानो नाही, पण दुकानदार जेवणाच्या सुट्टीत तिला वाजवू देतो. आधी ती मेंडेलसोनचा एक तुकडा वाजवून दाखवते. मग तो आपलं एक गाणं तिच्यासमोर ठेवतो, कॉर्ड सांगतो, इथे असं, तिथे तसं. ती पट्ट्यांवर बोटं ठेवून अंदाज घेते. गाणं सुरू होतं. पहिल्या काही ओळींत ती फक्त साथ देते, नजर कागदावर आणि त्याच्या हातांवर. मग हळूच दुसरा सूर लावते.

तो दुसरा सूर लागला तेव्हा नवऱ्याने फोन ठेवला. मी बघत होते.

या प्रसंगात गोष्ट पुढे नेणारं एकही वाक्य नाही. कोणी कोणाला सांगत नाही की तू मला आवडलीस. पण एखाद्याने एखाद्याचं गाणं पहिल्यांदाच ऐकून त्यात आपली जागा शोधणं, आणि ती जागा बरोबर निघणं, हे आपण डोळ्यांदेखत बघतो. दोघं खरोखरचे संगीतकार आहेत म्हणून हे घडतं. नावाजलेला नट घेतला असता तर त्याला गिटार धरायला शिकवावं लागलं असतं, आवाज दुसऱ्याचा घालावा लागला असता, आणि कॅमेऱ्याला त्याच्या बोटांपासून पळावं लागलं असतं. इथे कॅमेरा निवांत बसून राहतो. मर्फी गुणी नट आहे, पण तो गेला हे या सिनेमाचं भाग्यच म्हणायचं.

चार सेल आणि एक लांबलचक चाल

दुसरा प्रसंग मला याहून मोलाचा वाटतो. त्याने तिला एका चालीची सीडी दिली आहे, शब्द तिने लिहायचे आहेत. रात्री ती ऐकायला बसते आणि सीडी प्लेअरचे सेल संपतात. घरात आई आणि छोटी मुलगी. ती मुलीच्या गल्ल्यातली चिल्लर काढते, परत देईन असं तिला सांगते, आणि घरच्या कपड्यांवर कोट चढवून, पायात सपाता, तशीच बाहेर पडते. दुकानातून सेल घेते, प्लेअरमध्ये घालते, हेडफोन लावते आणि घरी परत येता येता नव्या शब्दांसह गाणं गुणगुणत चालते.

बस्स, इतकंच आहे. कॅमेरा तिच्यासमोरून मागे सरकत राहतो, उजेड रस्त्यावरच्या दिव्यांचा आणि दुकानांचा. ती कधी उजेडात येते, कधी काळोखात जाते. बाजूने माणसं जातात, त्यांना तिच्या कानात काय वाजतंय याचा पत्ता नाही. आपल्याला मात्र पूर्ण वाद्यमेळ ऐकू येतो. एका थकलेल्या मुलीच्या आत एवढं काही चाललंय आणि ते जगात फक्त आपल्याला ठाऊक आहे, अशी जवळीक त्या तीन-चार मिनिटांत तयार होते. पैसे असते तर त्या रस्त्यावर दिवे लावले असते, पाऊस पाडला असता, वरून क्रेन फिरवली असती. सपाता नक्कीच राहिल्या नसत्या.

हे मी हवेत बोलत नाही, कारण तुलनेला नमुना आहे. कार्नीनेच पुढे 2013 मध्ये ‘बिगिन अगेन’ केला. न्यूयॉर्क शहर, किरा नाइटली आणि मार्क रफेलो, बजेट 80 लाख डॉलरच्या घरात. विषय जवळपास तोच: दोन दुखावलेली माणसं रस्तोरस्ती गाणी रेकॉर्ड करतात आणि एकमेकांची होत नाहीत. त्यातही गाणी ऐकत चालण्याचा प्रसंग आहे. दोघं एकाच प्लेअरला दोन हेडफोन जोडून रात्रभर शहरात हिंडतात. प्रसंग गोड आहे, मला आवडतो. पण तिथे मी किरा नाइटलीला बघते. शहरही नटूनथटून उभं असतं. दिग्दर्शक तोच, संगीतावरचं प्रेम तेच, माणसांबद्दलचा जिव्हाळाही तोच. बदलला तो पैसा, आणि पैशाबरोबर आलेले चेहरे. ‘बिगिन अगेन’ बघून बरं वाटलं. ‘वन्स’ बघताना मात्र त्या मुलीला सेल मिळतील ना, याची काळजी लागली होती.

अपेक्षा नव्हती म्हणून?

हे कारण मी गंभीरपणे तपासलं, कारण त्यात तथ्य आहे. अपेक्षा कमी असली की साधी गोष्टही भरून पावते. पण मग कमी अपेक्षेने लावलेला प्रत्येक स्वस्तातला सिनेमा आवडायला हवा होता, आणि तसं होत नाही. कमी बजेटच्या अनेक प्रेमकथा आम्ही घरी लावल्यात आणि अर्ध्यातच बंद केल्यात. त्यातल्या बहुतेकांचं दुखणं एकच: खिशात पैसे नसताना त्या श्रीमंत सिनेमाची नक्कल करतात. भाड्याचा महागडा बंगला, गाड्या, लग्नसमारंभ, सगळं असतं पण थोडं थोडं, आणि बघणाऱ्याला उणीवच दिसत राहते. ‘वन्स’मध्ये ज्याची उणीव भासेल असं काही मागितलेलंच नाही. दुरुस्तीच्या कामावर जगणाऱ्या माणसाची खोली लहानच असणार, परदेशातून येऊन मोलमजुरी करणाऱ्या मुलीच्या घरात सामान जुनंच असणार. कथेची ऐपत आणि निर्मितीची ऐपत एकच आहे.

दुसरा पुरावा म्हणजे आम्ही तो पुन्हा पाहिला. आता अपेक्षा भरपूर होती, काय होणार हेही माहीत होतं. अपेक्षाभंगाची भीती होती, खरं सांगायचं तर मला जास्त. पण वाद्यांच्या दुकानातला प्रसंग दुसऱ्या वेळी अधिक भिडला, कारण या वेळी मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. पहिल्या खेपेला नजर त्याच्यावर होती. आश्चर्य एकदाच होतं. दुसऱ्यांदा जे उरलं ते सिनेमाचं स्वतःचं.

घरी पाहिला म्हणून?

लोक म्हणतात, घरी बघताना आपण उदार असतो. माझा अनुभव नेमका उलट आहे. थिएटरमध्ये काळोख असतो, तिकिटाचे पैसे गेलेले असतात, उठून जायला लाज वाटते. घरी रिमोट हातात असतो, दाराची बेल वाजते, स्वयंपाकघरात काहीतरी राहिलेलं आठवतं. संथ सिनेमासाठी घर ही थिएटरपेक्षा अवघड जागा आहे. तिथे ज्याने 86 मिनिटं धरून ठेवलं त्याने ती मिळवली आहेत, असं मी मानते.

मात्र एका बाबतीत घर या सिनेमाला मानवतं. त्याचं चित्र छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यांवर घेतलेलं आहे: जरा दाणेदार, रात्रीच्या दृश्यांत मळकट, हातात धरून काढल्यामुळे हलणारं. मोठ्या पडद्यावर ते कदाचित खुपलं असतं. टीव्हीवर ते कोणाच्या तरी घरच्या चित्रफितीसारखं दिसतं, आणि खोलीत बसून खोलीतली माणसं बघताना मधली भिंत नाहीशी होते. सिनेमातही असा एक छोटासा प्रसंग आहे: तिच्या इमारतीतले शेजारी रोज तिच्या घरी येऊन बसतात, कारण टीव्ही तेवढा तिच्याकडे. मालिका बघून ते इंग्रजी शिकतात.

आणि या बाबतीत सिनेमाचं स्वतःचं म्हणणंही आहे. कर्ज काढून हे लोक शनिवार-रविवार एक स्टुडिओ घेतात. तिथला रेकॉर्डिस्ट सुरुवातीला कंटाळलेला, आले आणखी एक हौशी म्हणून. पहिलं गाणं कानावर पडतं आणि तो सावरून बसतो. रात्रभर काम झाल्यावर पहाटे तो सगळ्यांना गाडीत घालून समुद्राकडे नेतो आणि नुकतंच केलेलं रेकॉर्डिंग गाडीच्या साध्या स्पीकरवर वाजवतो. स्टुडिओतल्या भारी स्पीकरवर काहीही चांगलंच वाटतं, गाणं टिकतंय की नाही हे कळतं ते सामान्य स्पीकरवर, कारण लोक तिथेच ऐकणार. संगीताच्या धंद्यात ही तपासणी खरोखर करतात. आमच्या टीव्हीचे स्पीकर काही फार बरे नाहीत. दुसऱ्या वेळी हेडफोन लावून ऐकलं तेव्हा खालचा पियानो आणि तिचा श्वास नीट कळला, पण पहिल्यांदा त्या साध्या स्पीकरवरही गाणी पोचली होतीच. डब्लिनचे उच्चार मात्र पटकन कळत नाहीत, सबटायटल सुरू ठेवलेली बरी.

जे जमलेलं नाही

बँकेतला प्रसंग मला पटला नाही. कर्ज मागायला जावं आणि मॅनेजर स्वतःच गिटार काढून गाऊ लागावा, ही सोय फार झाली. मायदेशी राहिलेला तिचा नवरा कागदावरच राहतो. तो शेवटी येतो तेव्हा त्याच्याबद्दल चांगलं की वाईट, काहीच वाटत नाही, आणि त्याच्याबरोबर राहण्याच्या तिच्या निर्णयाचं वजन त्यामुळे थोडं कमी होतं. काही ठिकाणी कॅमेरा विनाकारण हलतो. सत्राच दिवसांत काम उरकल्याच्या या खुणा आहेत आणि त्यांना मी गुण म्हणणार नाही.

सिनेमाचं पुढे भलं झालं हे बहुतेकांना माहीत असतं. सनडान्स महोत्सवात प्रेक्षकांनी निवडलेला पुरस्कार 2007 मध्ये मिळाला, खर्चाच्या शंभरपटीहून अधिक कमाई जगभरात झाली. दुकानातल्या त्याच गाण्याला 2008 मध्ये ऑस्कर मिळालं. त्या सोहळ्यात इर्ग्लोव्हा बोलायच्या आत वाद्यवृंद सुरू झाला, आणि जाहिरातींनंतर सूत्रसंचालक जॉन स्टुअर्टने तिला पुन्हा मंचावर बोलावून तिचं बोलणं पुरं करू दिलं. 2012 मध्ये ब्रॉडवेवरच्या त्याच्या संगीत नाटकाने आठ टोनी पुरस्कार घेतले. आम्ही बघितला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि तसं होतं हे बरं झालं.

शेवटाबद्दल आमचा वाद

दोघं एकत्र येत नाहीत. सुरुवातीला तो तिला अगदी ढोबळपणे रात्री थांबायला सांगतो, ती दुखावून निघून जाते आणि तो दुसऱ्या दिवशी माफी मागतो. पुढे समुद्राकाठच्या टेकडीवर तो तिला नवऱ्यावर प्रेम आहे का असं विचारतो. ती चेकमध्ये उत्तर देते, अर्थ सांगत नाही, आणि पडद्यावरही भाषांतर येत नाही. शेवटच्या संध्याकाळी ती येणार असते, येत नाही. तो तिच्यासाठी पियानो विकत घेऊन घरी पाठवायची सोय करतो आणि पूर्वीच्या प्रेयसीकडे लंडनला जातो.

नवऱ्याचं मत असं की तिने त्या संध्याकाळी यायला हवं होतं. निदान निरोप तरी घ्यायला, इतकं सगळं एकत्र केल्यावर न येणं हा त्या माणसावर अन्याय आहे. मला वाटतं, ती आली असती तर तो थांबला असता, गाणी तशीच पडून राहिली असती, आणि तिलाही पुन्हा एकदा घर मोडावं लागलं असतं. तिला हे त्याच्याआधी कळलेलं आहे, आणि न येणं हे तिने त्याच्यासाठी केलेलं काम आहे, जसा पियानो हे त्याने तिच्यासाठी केलेलं. त्या पियानोला काय पडलं असेल हे व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या हिशेबात मोजून बघा. मोठ्या बजेटच्या सिनेमात कोणीतरी हा शेवट नक्कीच बदलायला लावला असता, दोघांना विमानतळावर गाठून दिलं असतं. इथे बदला म्हणणारा पैसेवाला आसपासच नव्हता.

नवऱ्याला हे पटलेलं नाही. तो म्हणतो, पियानो पाठवणाऱ्या माणसाला दोन शब्द तरी ऐकायला मिळायला हवे होते.